शनिवारचं लोखंड

शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, हे माझ्या आईने माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की इतकी वर्षं इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये राहूनही मी शनिवारी साधी सुरी विकत घेतलेली नाही. मानत नाही हो मी! शनी-बिनी सगळं थोतांड आहे, असं मी चारचौघांत ठणकावून सांगते. पण घेत नाही. आमच्या ह्यांनी एकदा शनिवारी गार्डनसाठी फावडं आणलं, तर ते मी रविवार उजाडेपर्यंत गाडीच्या डिकीतच ठेवायला लावलं. "अगं, मग गाडी कशाची आहे? लाकडाची?" हे ओरडले. मी लक्ष दिलं नाही.

आणि जे लोखंड मला आयुष्यात सगळ्यात जास्त हवं होतं, ते जेव्हा समोर आलं तेव्हा नेमका शनिवार होता! आहे की नाही गंमत?

आधी माझ्या वेडाबद्दल सांगायला हवं. मला आफ्रिकेतले जुने धातूचे पैसे जमवायचा नाद आहे. पैसे म्हणजे गोल नाणी नाहीत. कुठे पैसा म्हणजे कडं, कुठे पैसा म्हणजे तांब्याचा क्रॉस, कुठे कुदळीचं पातं, कुठे नुसती पिळलेली सळई. लग्न ठरलं की हे द्यायचे, माणूस गेलं की त्याच्याजवळ ठेवायचे, भांडण मिटलं की हेच. आज इंग्लंडात लोक त्यांना स्टँडवर उभं करून खाली छोटा दिवा लावतात आणि आर्ट म्हणतात. आहेच ते आर्ट. पण मला ती वस्तू हातात घेतली की वाटतं, हिच्यामुळे कुणाचं तरी लग्न झालंय! अंगावर काटाच येतो माझ्या.

नाद लागला तो एका चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. शेल्फवर एक जाडजूड, तोंड उघडं असलेलं काळपट कडं पडलं होतं. मी म्हटलं, अरे, हा तर बाळाचा वाळा! बाळ हत्तीचं असावं, एवढा जड होता. घरी आणला, चिंच आणि मीठ घेऊन बसले आणि घासघासून असा लख्ख केला की देव्हाऱ्यातला तांब्या लाजावा. मग मोठ्या ऐटीत तो जुन्या वस्तूंच्या एका फेअरमध्ये दाखवायला नेला. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी तो पाहिला आणि अक्षरशः डोकं धरलं. "मॅडम, तुम्ही हा धुतलात?" दीडशे वर्षांत चढलेला काळा रंग मी एका दुपारात उतरवून टाकला होता. त्यांनीच सांगितलं की ह्याला मनिला म्हणतात, हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा पैसा, आणि अशा कड्यांच्या बदल्यात माणसंही विकली गेली आहेत. तो चकचकीत वाळा माझ्या हातात एकदम नकोसा जड झाला. घरी येऊन मी वाचायला बसले, ती आजतागायत वाचतेच आहे. चिंच मात्र आता फक्त आमटीत.

घरात माझी टिंगल चालते, ती वेगळीच. हे मला 'भंगारवाली' म्हणतात. हॉलमध्ये मी तांब्याचा काटांगा क्रॉस लावला, तर सत्यनारायणाला आलेल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन झालात का हो? नाही, झालात तरी आमचं काही म्हणणं नाही." हसून हसून पुरेवाट झाली माझी.

तर अशात आमच्या लेकीचं लग्न ठरलं. ती मँचेस्टरला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि रोज एकाच ट्रॅममध्ये भेटून भेटून तिने एक मुलगा पसंत केला. मुलगा सोन्यासारखा. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने माझा पसारा बघून स्वतःहून विचारलं, "आँटी, तुमच्याकडे लोखंडी पेनी आहे का? पिळलेली, एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला पाय?" माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली.

"किसी पेनी!" मी ओरडले.

"किसी?" हे म्हणाले. "म्हणजे गाजर किसतो तसं?"

ह्यांचं सोडा. किसी हे लोकांचं नाव आहे. सिएरा लिओन, गिनी, लायबेरिया जिथे एकमेकांना भिडतात तिथले. मुलाची आई त्यांच्यातलीच. आता ती मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये मिडवाइफ आहे. पण मुलगा पोटात असताना गावात लढाई आली आणि ती नेसत्या कपड्यांनिशी रानातून चालत सरहद्दीपलीकडे गेली. नवरा त्यात गेला. घरात छपराखाली ह्या पेन्यांची एक जुडी होती, तिच्या आईची. "त्यातली एकसुद्धा आणता आली नाही," मुलगा म्हणाला. "मम् अजून बोलते त्याबद्दल. घराबद्दल नाही बोलत, त्या जुडीबद्दल बोलते."

साखरपुडा आमच्याकडे करायचं ठरलं. मी विहीणबाईंना हौसेने फोन लावला. आमच्याकडून कोण कोण येणार ते सांगत सुटले: स्टॅनमोरची नणंद, तिच्या जावा, ह्यांचे हॉस्पिटलमधले मित्र, माझं भिशीचं अख्खं मंडळ. मग त्या म्हणाल्या, अगदी सौम्यपणे, "आमच्याकडून मी एकटी. आणि आमच्यात मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. माझ्याकडे आमच्या घरचं काहीच नाही. दुकानातलं आणता येईल, पण ते आमच्या घरचं नाही ना. तुम्ही करून घ्या साखरपुडा. मी लग्नाला येईन."

मी फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं. स्वतःचा रागही आला. काय गरज होती ती सगळी यादी वाचून दाखवायची? लेक म्हणाली, "आई, ती येणार नाही म्हणते तर मीपण नाही बसणार. मला तिच्याशिवाय नको आहे हा साखरपुडा." बरोबरच होतं तिचं. मी डोळे पुसले आणि कामाला लागले. किसी पेनी शोधायची. त्यांच्या घरचं काहीतरी ताटात यायलाच हवं होतं, त्याशिवाय ती बाई माझ्या दारात येणार नव्हती.

आठवडे गेले. ऑनलाइन मिळतात, पण निम्म्या खोट्या. कालपरवा कुणीतरी गंजवलेल्या. मी ओळखीच्या सगळ्या डीलर्सना भंडावून सोडलं. साखरपुडा तोंडावर आला आणि एका शनिवारी कळलं की टाउनबाहेरच्या हॉलमध्ये फेअर आहे. आमच्या गावात पावलोपावली राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक; मी एकामागून एक ते घेत अशी गाडी काढली की एकदा एक्झिट चुकून पुन्हा त्याच राउंडअबाउटला प्रदक्षिणा घातली. हॉलमध्ये शिरले. तिसऱ्याच टेबलावर, लाल मफलर घातलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजासमोर ती आडवी पडली होती. कोपरापासून बोटांपर्यंत लांब. पीळ अगदी जिलबीच्या पाकातून काढल्यासारखा गुळगुळीत, हातांनी झिजलेला. एका टोकाला बारीक कान, दुसरीकडे चपटा पाय. खरी! शंभर टक्के खरी!

पण तेवढ्यात एका उंच बाईने ती उचलली. इंटिरिअर डिझायनर असावी. तिने पेनी उभी धरली आणि म्हणाली, "ह्याचा लॅम्प छान होईल."

लॅम्प! लॅम्प म्हणे! मी मनात तिला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. तिने फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि उत्तराची वाट बघत बाजूला झाली. मी लगेच पेनी उचलली.

म्हातारा खूश झाला. म्हणाला, "ह्या पेनीत जीव असतो म्हणतात ते लोक. पडून तुटली तर जीव निघून जातो, मग कुणी घेत नाही. जाणता माणूस बोलवून तो जीव परत बोलवावा लागतो. म्हणून जरा जपून. मध्ये एका पिळाशी गंज आत गेलाय."

मी पर्स उघडली आणि हात थांबला. शनिवार!

"उद्यापर्यंत ठेवाल का हो?" मी विचारलं. फेअर एकच दिवसाचा. उद्या म्हातारा यॉर्कशायरला. मी बाजूला होऊन ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "अगं, घे ना मुकाट्याने! शनीला मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट तरी कळतात का? एक्झिट सापडायची नाही त्याला." माझी मात्र छाती होईना. लेकीचा साखरपुडा, नव्या घरचं नातं, आणि त्यात शनिवारचं लोखंड? थोतांड असेल, पण कशाला उगाच? तिकडे उंच बाईचा फोन वाजला. ती हसत टेबलाकडे निघाली.

आणि मला एकदम सुचलं. मी लोखंड घेतेय कुठे? हे तर पैसे आहेत! आपल्या नोटा द्यायच्या आणि त्यांचे पैसे घ्यायचे. शनिवारी पैसे बदलून घेऊ नयेत असं माझ्या आईने कधीच सांगितलं नव्हतं!

"मी विकत घेत नाहीये," मी त्या म्हाताऱ्याला मोठ्याने सांगितलं. "मी नोट मोडून घेतेय. सुट्टे द्या!"

त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने नोटा घेतल्या. मी पेनी छातीशी धरून गाडीत बसले आणि एकटीच खदखदा हसले. घरी आणून ती फक्त कोरड्या फडक्याने पुसली. चिंचेचं बोळकं समोरच होतं, पण हात लावला नाही हो! मग विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, "तुम्हाला यायलाच हवं. तुमच्याकडचं कुणीतरी आमच्या घरी आधीच येऊन बसलंय."

"कोण?" त्यांचा आवाज बदलला.

"या, मग कळेल," मी म्हटलं. त्या आल्या.

निळ्या गाउनमध्ये, डोक्याला तसाच निळा रुमाल, ताठ. नणंदेने कुंकू लावलं, त्यांनी लावून घेतलं. पण खुर्चीत बसल्या होत्या त्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असल्यासारख्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. त्यांची नजर सारखी घरभर फिरत होती. कोण आलंय आपल्याकडचं? मला तर धीरच धरवत नव्हता. कंझर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत, पाट मांडले होते, माणसांनी घर भरलं होतं. ह्यांना म्हटलं, आणा ते ताट. ताटात साडी, नारळ, पेढे, आणि हिरव्या खणाखाली झाकलेली पेनी.

आता नारळ ताटात ठेवायचा तर खाली तांदूळ पसरून नीट बसवायचा की नाही? ह्यांनी तो नुसता ठेवला होता. विहीणबाईंसमोर हे वाकले, नारळ गडगडला, त्याच्याबरोबर खण ओढला गेला आणि पेनी टाइल्सवर पडली. टण्! दोन तुकडे. बरोबर त्या गंजक्या पिळापाशी.

विहीणबाईंनी खाली बघितलं आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला. ओळखलं त्यांनी. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या. मेलेलं काही बघावं तसा चेहरा झाला. आणि तेवढ्यात हे, नेहमीप्रमाणे, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "अरेरे, मोडली की गं!"

"मोडली म्हणू नका!" मी अशी किंचाळले की नणंदेच्या हातातली कुंकवाची डबी पडायची राहिली. "वाढली म्हणा! वाढली!"

हे माझ्या तोंडून आपसूक निघालं. बांगडी फुटली तरी आपण काय म्हणतो? वाढली. मंगळसूत्र तुटलं? वाढलं. नारळ तर आपण फोडतच नाही, वाढवतो. आईने शिकवलेलं. शनिवारसारखंच तेही डोक्यात घट्ट बसलंय. मनात मात्र मी रडत होते. शनिवारी आणलीस ना, भोग आता! वर तोंडाने 'नोट मोडतेय' म्हणालीस!

विहीणबाईंनी लेकीकडे बघितलं. "काय म्हणाली तुझी आई? का ओरडली?"

लेकीचं मराठी आमचं घरातलं, बेताचं. ती गोंधळली. "ती म्हणते की... ती पेनी तुटली नाही. वाढली. मोठी झाली. म्हणजे, आमच्यात चांगली वस्तू तुटली की तुटली असं बोलायचं नाही. ग्रोन म्हणायचं. ती संपत नाही, ती जास्त होते." मग माझ्याकडे वळून घाबरत विचारलं, "बरोबर ना, आई?"

"बरोबर," मी म्हटलं.

विहीणबाई गुडघ्यांवर खाली बसल्या. दोन्ही तुकडे उचलले, पिळावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, पण मला ते मराठीतच आठवतं. त्या म्हणाल्या, "आमच्यात ही तुटली की मेली. मग जाणता माणूस यायचा आणि शब्द म्हणून तिचा जीव परत बोलवायचा. ते शब्द मला येत नाहीत. येत होते ते सगळे गेले. मला वाटलं होतं, आता हे शब्द कुणाकडेच नाहीत." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे आहे वाटतं एक. परत म्हणा बरं."

मीही त्यांच्या समोर टाइल्सवर बसले, नव्या पैठणीसकट. म्हटलं, "वाढली."

"वाडली," त्या म्हणाल्या.

"वाढली."

"वाढली!" आणि त्या हसल्या. पहिल्यांदा, तोंडभर, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. मला तर हुंदकाच फुटला. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो आणि मागे भिशीमंडळाने, काय चाललंय ते नीट न कळताच, टाळ्या वाजवायला सुरुवात केली! हे बिचारे नारळ पोटाशी धरून उभे होते. जावई, म्हणजे होणारे, खाली वाकून आईच्या पाठीवरून हात फिरवत होते.

थोडं सावरल्यावर मी म्हटलं, "चांगला लोहार शोधून जोडून घेते मी ही."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "वाढली म्हणालात ना? मग आता दोन आहेत. एक तुमच्या घरची, एक माझ्या घरची." त्यांनी पायाकडचा तुकडा माझ्या ओंजळीत ठेवला आणि माझी बोटं वरून मिटली. "पाय तुम्ही ठेवा. मी फार चालले. हा पोटात होता तेव्हापासून चालतेय. आता चालायचं तुम्ही, आणि यायचं माझ्याकडे. मी कान नेते. तुम्ही आलात की मला ऐकू येईल."

मग त्या उठल्या, कानाकडचा तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने ताटात ठेवला, आणि ते ताट लेकीसमोर धरलं. भरल्या हाताने. साखरपुडा झाला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तो तुकडा पर्समध्ये घातला आणि मगच कोट चढवला.

तेव्हापासून मी मँचेस्टरला जाते, तेव्हा पाय माझ्या पर्समध्ये असतो. त्यांच्या किचन टेबलावर आम्ही दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवतो आणि चहा घेतो. शनिवारची गोष्टही मी त्यांना सांगून टाकली आहे. नोट मोडल्याचं ऐकून त्या इतक्या हसल्या होत्या की चहा कपातून सांडला.

मागच्या खेपेला मी दारात उभी राहिले आणि बेलकडे हात नेला, तोच दार उघडलं. त्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या. "ऐकू आलं मला," म्हणाल्या. मग माझ्या पर्सकडे बोट दाखवून, खोटं खोटं रागावून, "आज शनिवार आहे. लोखंड घेऊन आलात माझ्या घरी?"

"लोखंड कुठलं?" मी म्हटलं. "सुट्टे आहेत."

"मग या आत," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.